छावणी, राहुटी आणि फटफटी

श्रावण लागला की उस्मानपुऱ्यातून शनिवारी पहाटे मोटारसायकली बाहेर पडू लागतात. मागच्या सीटवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वळकटी, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या, एखाद्याजवळ दोन माणसांचा छोटा तंबू. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, या भागाला तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालय जवळ असल्यामुळे निघणाऱ्यांत विद्यार्थी पुष्कळ. कोणी म्हैसमाळला जातो, कोणी गौताळ्याच्या जंगलाकडे. कोणी कन्नडचा घाट उतरून खानदेशात आणि तिथून थेट सह्याद्रीच्या कड्यापर्यंत. सहाशे-सातशे किलोमीटरची फेरी, वाटेत एकदोन रात्री उघड्यावर मुक्काम आणि डोक्यावर पाऊस.

घरातली वडीलधारी माणसे त्यांना एक प्रश्न हमखास विचारतात : 'अरे, पावसातच कशाला? चार महिने थांबा की!' मुलांना हा प्रश्न जुनाट वाटतो. तो जुना आहे हे खरे, आणि तो किती जुना आहे हे पाहण्यासारखे आहे. दख्खनच्या या पठारावर सुमारे दोन हजार वर्षे शहाण्या माणसांचा नियम पावसात थांबण्याचा होता. हा नियम कसा पडला, तो मोडणाऱ्यांचे काय झाले आणि आजच्या मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत त्यातले काय बदलले, हे या लेखात आपण पाहू.

थांबण्याची परंपरा

उस्मानपुऱ्यापासून उत्तरेला आठ-दहा किलोमीटरवर, विद्यापीठाच्या पाठीमागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. वेरूळ, पितळखोरे आणि अजिंठा एका दिवसाच्या टप्प्यात येतात. बौद्ध भिक्षूने एका जागी न राहता फिरत राहावे असा मूळ दंडक होता. त्याला एकच मोठा अपवाद म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावास. या नियमाचे कारण विनयपिटकात दिलेले आहे. भिक्षू पावसातही हिंडतात, हिरवे कोंब तुडवतात, लहान जीवजंतू पायाखाली मारतात, अशी लोकांची तक्रार होती. जैन साधूंचा चातुर्मासही याच विचारातून आला. म्हणजे प्रवासबंदीचे पहिले लेखी कारण प्रवाशाची गैरसोय हे नसून त्याच्यामुळे शेतीचे आणि जीवांचे होणारे नुकसान हे आहे. आज डोंगरमाथ्यावरच्या गवतात मोटारसायकली घालणाऱ्यांनी ते ऐकायला हरकत नाही.

तीन महिने राहायचे तर निवारा हवा. लेणी केवळ यासाठी कोरली गेली असे म्हणता येणार नाही. व्यापारी मार्ग, दान आणि उपासना अशी इतर कारणेही भक्कम आहेत. पण जागेची निवड पाहा. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर आहेत. पाणी हाकेच्या अंतरावर, आणि तरीही लेण्यांची जमीन पात्रापासून इतकी उंच की पुराचा प्रश्नच येऊ नये. पाण्याजवळ राहावे, पण पाण्याच्या वाटेत राहू नये हा नियम तिथे दगडात कोरून ठेवलेला आहे.

पुढच्या काळातला शब्द 'छावणी'. आता आपण तो कोणत्याही लष्करी तळाला लावतो, आणि या शहराचा एक भागही त्याच नावाने ओळखला जातो. पण मूळ क्रियापद 'छावणे', म्हणजे छप्पर शाकारणे. जुन्या मराठी कागदांत 'छावणीस राहणे' म्हणजे फौजेने पावसाळ्यापुरते शाकारलेल्या आसऱ्याला थांबणे. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, मोहिमा हिवाळा-उन्हाळ्यात चालवायच्या आणि मृगापूर्वी छावणीची सोय पाहायची, असे मराठी फौजांचे वर्ष होते.

छावणी म्हणजे आराम असा समज मात्र चुकीचा. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्करातल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. शिक्षकांनी ते मुळातून वर्गात वाचून दाखवावे इतके ते सविस्तर आहे. दाणा आणि वैरण साठवलेली आहे ती आत्ताच मनाला येईल तशी उधळाल, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, मग तुमचे लोक कुणब्याच्या घरातून धान्य, भाजी, लाकूड ओढून आणू लागतील, असा त्यातला इशारा आहे. शिवाय आगीबद्दलची सूचना आहे. गवताच्या गंजींजवळ चुली पेटवू नयेत, रात्री दिवा जळता ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळे भस्म होईल. पावसाळ्यातल्या तळाची खरी अडचण त्यात नेमकी सापडते. पावसाचे पाणी नव्हे, तर पावसामुळे तुटणारा पुरवठा आणि एकाच कोरड्या छपराखाली माणसे, जनावरे, इंधन, विस्तव यांची होणारी गर्दी. बंद तंबूत स्टोव्ह पेटवणारे आजचे पर्यटक हीच चूक वेगळ्या इंधनावर करतात. त्यांना आगीबरोबर कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो.

नियमाला अपवाद होते. सातारा-सोलापूर भागातले धनगर मेंढरे घेऊन वर्षभर उघड्यावर राहतात. पण त्यांची वाट बारकाईने पाहिली तर ती पावसाला टाळणारी आहे. दिवाळीच्या सुमारास ते कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा घाटावर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. कारण कोकणच्या चिखलात मेंढ्यांचे खूर कुजतात. दुसरा अपवाद वारकऱ्यांचा. एकनाथ महाराजांची पालखी ज्येष्ठात पैठणहून निघते आणि दोन आठवड्यांहून अधिक चालून आषाढी एकादशीला पंढरपुरात पोहोचते. वाटेत राहुट्या, ताडपत्र्या, उघडे माळ. इथेही वाट बहुतेक कमी पावसाच्या मुलखातून जाते, मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात आणि प्रत्येक मुक्कामाला गाव उभे राहते. हा प्रवास पावसात होतो, पण बेभरवशाचा नसतो.

बादशहाचा तळ

नियम मोडून, कोणताही आधार नसलेल्या मुलखात, भर पावसाळ्यात तळ हलवणारा सर्वांत मोठा प्रवासी याच शहराने पाहिला. औरंगजेब मार्च १६८२ मध्ये औरंगाबादेत दाखल झाला आणि १६८३ च्या अखेरीस अहमदनगरकडे (आताचे अहिल्यानगर) निघाला. १७०७ मध्ये त्याच अहमदनगरला त्याचा मृत्यू झाला. मधली जवळजवळ सगळी वर्षे त्याने तंबूंत काढली.

मोगलांकडे तंबूंचे शास्त्र नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. अकबराच्या काळच्या तळाचा तपशील अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त दिला आहे. एका शाही तळाच्या वाहतुकीसाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. तंबू उभारणारे फरास १,०००, वाट साफ करणारे बेलदार ५००, पाणके १००. फ्रेंच प्रवासी बर्निए याने औरंगजेबाबरोबर १६६४ च्या अखेरीस दिल्लीहून काश्मीरचा रस्ता धरला. तो सांगतो की शाही तंबूंचे दोन पूर्ण संच असत. बादशहा एका संचात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा होत असे. त्याला पेशखाना म्हणत. दिवसभर चालून, थकून, अंधारात तंबू ठोकण्याची पाळी बादशहावर कधी येत नसे. मोटारसायकलवरून जाणाऱ्याला पेशखाना नसतो. म्हणून त्याने उजेड असतानाच मुक्कामाला पोहोचायचे असते. बर्निएच्या वर्णनातून आजच्या प्रवाशाने घ्यायची गोष्ट बहुधा एवढीच.

एवढी व्यवस्था असूनही सह्याद्रीच्या पावसाने या तळाची दैना केली. १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड ताब्यात आल्यावर मोगली फौज परत फिरली. विशाळगडापासून पन्हाळ्यापर्यंतची सुमारे ३० मैलांची वाट तिने ३८ दिवसांत काटली, असे यदुनाथ सरकारांनी नोंदवले आहे. दिवसाला मैलभरही नाही. आज हेच अंतर मोटारसायकलवर दोनेक तासांचे आहे. कारण एकच नव्हते. ओढे एकामागून एक आडवे येत. ओझ्याची जनावरे चिखलात बसत आणि उठत नसत. शिवाय ज्याचा विचार आपण सहसा करत नाही ते तंबूंचे कापड. सुती कापड पाणी शोषते. वाळवायला ऊन नाही, मग तो ओला, कितीतरी जड झालेला तंबू गुंडाळून तसाच जनावराच्या पाठीवर चढवायचा. पाऊस जनावराच्या अंगावर तर पडतच होता, पण त्याच्या पाठीवरचे ओझेही वाढवत होता.

त्याआधी दोन वर्षे, १७०० मध्ये, याहून वाईट प्रसंग घडला. साताऱ्याची मोहीम आटोपून तळ माण नदीच्या काठी खवासपूरला पडला होता. हे गाव आजच्या सोलापूर जिल्ह्यात, सांगोला तालुक्यात येते. मुलूख दुष्काळी. माणचे पात्र वर्षाचा बराच काळ कोरडे, म्हणजे तळ टाकायला सपाट, मोकळी, सोयीची जागा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पावसाळा संपत आला असे वाटत असताना, एका मध्यरात्री लोंढा आला. पाऊस वरच्या डोंगरांत झाला होता. तळातली माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. धावपळीत बादशहा पडला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. तो नीट बसला नाही. त्या वेळी ऐंशीच्या घरात असलेला बादशहा त्यानंतर शेवटपर्यंत लंगडत चालला.

इथे थोडे गणित करू. पुराची लाट सेकंदाला दोन मीटर वेगाने आली असे धरले, तर ताशी सुमारे ७ किलोमीटर होतात. पाऊस ५० किलोमीटर वर पडला असेल तर त्याचे पाणी तळापाशी यायला सात तास लागतील. संध्याकाळी पाच वाजता दूरच्या डोंगरावर ढग दाटलेले दिसतात, आपल्या डोक्यावर चांदणे असते, आणि बाराच्या ठोक्याला पाणी येते. ही वेळ माणसाच्या झोपेची असते, यात योगायोग थोडाच आहे. डोंगरातला गडगडाटी पाऊस दुपारनंतर कोसळतो आणि खाली उतरायला त्याला निम्मी रात्र लागते.

कापडाची गोष्ट

पाऊस अडवण्याचे आपले जुने साधन घोंगडी. लोकरीच्या तंतूवर बाहेरून खवल्यांचे आणि मेणचट स्निग्धाचे आवरण असते, त्यावरून थेंब घरंगळतो. तंतूचा आतला भाग मात्र बाष्प ओढून घेतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प मुरले तरी लोकर हाताला ओली लागत नाही. शिवाय बाष्प मुरताना थोडी उष्णता बाहेर पडते. घोंगडीची किंवा पोत्याची खोळ करून शेतकरी दिवसभर पावसात उभा राहतो तो याच जोरावर.

हीच खोळ मोटारसायकलवर निरुपयोगी ठरते. का, हे वर्गात काढता येईल. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला साधारण ८ मीटर वेगाने खाली येतो. गाडीचा वेग ताशी ५८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६ मीटर धरा. स्वाराच्या दृष्टीने थेंबाचा आडवा वेग १६ आणि उभा वेग ८. लंबाशी होणाऱ्या कोनाचे टॅन्जंट २, म्हणजे कोन सुमारे ६३ अंश. उभ्या माणसावर पाऊस वरून पडतो. स्वारावर तो समोरून येऊन आदळतो. छातीवरची चेन, बाह्यांची टोके, गळा आणि मांडीवर जमणारे तळे ही त्याची आत शिरण्याची दारे. त्यात वारा. ओले कापड आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा असला की बाष्पीभवनाने शरीराची उष्णता इतकी झपाट्याने जाते की २२-२३ अंश तापमानातही बोटे बधिर होतात. ब्रेकची मूठ त्याच बोटांनी दाबायची असते.

समोरून येणारा पाऊस अडवण्याचा इतिहास इंग्लंडमधल्या समुद्रकाठी सापडतो. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये भरून जलाभेद्य कापडाचे पेटंट घेतले. ते थंडीत कडक आणि उन्हात चिकट होई. १८४० च्या दशकात व्हल्कनायझेशन आल्यावर हा दोष गेला. खलाशी आणि कोळी मात्र तेल किंवा मेण चोळलेले सुती कापड वापरत. त्याच कापडाचा मोटारसायकलस्वारांसाठीचा पोशाख १९३६ साली बार्बर कंपनीने सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल स्पर्धेसाठी तयार केला. पुढे नायलॉन आले आणि १९७० च्या दशकात पाण्याचा थेंब अडवून बाष्प बाहेर सोडणारे सूक्ष्म छिद्रांचे पडदे आले.

तंबूचे कापडही याच वाटेने बदलले, पण त्यात एक गंमत आहे. जुना जाड सुती तंबू कोणतेही रबर न लावता पाऊस अडवत असे. ओला झाल्यावर सुताचा धागा फुगतो आणि विणीतली भोके बुजत येतात. उरलेल्या भोकांवर पृष्ठताण पाण्याची त्वचा ताणून धरतो. जुन्या छत्रीचे सुती कापड एका पातेल्यावर ताणून बांधा, त्यावर हळूच पाणी ओता आणि खालून बोट टेकवा. जिथे बोट लागेल तिथून थेंब ओघळू लागतो. 'तंबूला आतून हात लावू नका' असे स्काउटचे मास्तर ओरडून सांगत, ते यासाठी. दोरांचेही असेच. सुती किंवा अंबाडीचा दोर भिजला की तंतू फुगतात, पीळ घट्ट होतो आणि दोर आखडतो. खुंट्या उपटल्या जातात. म्हणून पाऊस येण्यापूर्वी दोर सैल करायचे. नायलॉनचे नेमके उलटे आहे. ते भिजल्यावर थोडे लांबते, तंबू ढिला पडतो आणि रात्री उठून दोर ओढावे लागतात. आजोबांचा सल्ला आणि नातवाचा तंबू यांत भांडण होते ते अशा ठिकाणी. दोघेही आपापल्या धाग्याबद्दल खरे बोलत असतात.

नव्या तंबूने एक नवी तक्रारही आणली. सकाळी उठल्यावर तंबू आतून ओला असतो आणि मालक म्हणतो, 'गळतो!' बहुतेक वेळा तो गळत नसतो. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटर किंवा त्याहून अधिक पाणी बाहेर टाकतो. दोन माणसे असतील तर अर्धा लिटर. मेणकापडाच्या बंद पिशवीत ते थंड कापडावर जमते आणि खाली ठिबकते. यावरचा उपाय म्हणजे दोन थर. आत हवा जाऊ देणारे पातळ कापड, बाहेर पाणी अडवणारे छत, आणि दोहोंमध्ये वीतभर मोकळी हवा. पावसाळ्यात वाऱ्यासाठी फट ठेवणे मनाला पटत नाही, पण झोपायला कोरडी जागा त्या फटीमुळेच मिळते.

ठिणगी आणि चिखल

माणूस कोरडा राहिला तरी गाडी चालली पाहिजे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगाच्या सफरीला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई गाठून सफर पुरी केली. निघण्याची तारीख पाहिली की सीमोल्लंघनाची आठवण होते. रस्ते मातीचे, पूल थोडे. पावसाळा संपल्यावर निघणे हीच रीत.

मोटारसायकलीला पावसात चिखलाखेरीज आणखी एक शत्रू होता : ओली झालेली वीज. राजदूत, येझदी किंवा जुनी बुलेट चालवलेल्यांना 'पॉइंट' हा शब्द वेगळा सांगायला नको. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम दोन छोटे संपर्कबिंदू उघडतो-मिटतो. ते उघडण्याच्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात दहा हजार व्होल्टच्या पुढे दाब निर्माण होतो आणि प्लगला ठिणगी पडते. या बिंदूंमधली फट असते अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. त्यावर दमट हवेने गंज चढला, थेंब बसला, की ठिणगी मंद. प्लगच्या टोपीवर पाण्याचा पातळ पापुद्रा आला की एवढ्या दाबाची वीज प्लगमधली फट ओलांडण्याऐवजी त्या पापुद्र्यावरून इंजिनाच्या धातूत उतरते. गाडी भर पावसात बंद. मग झाडाखाली थांबायचे, सदऱ्याच्या टोकाने प्लग पुसायचा, टोपीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढायचा आणि किक मारत बसायचे. शंभर किलोमीटरचा प्रवास पावसाळ्यात धाडसाचा वाटे, त्यामागे हे कारण होते.

१९८० च्या दशकात हे चित्र पालटले. भारतात जपानी तंत्राच्या हलक्या मोटारसायकली आल्या. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि या शहराच्या रोजगाराशी व रस्त्यांशी दुचाकी कायमची जोडली गेली. हळूहळू पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली. त्यात उघडझाप करणारा, झिजणारा, गंजणारा भागच नाही. शिवाय तिचा दाब इतक्या झटक्याने चढतो की ओल्या पापुद्र्यातून वीज गळून जायला वेळ मिळत नाही. पुढचे बदल झटपट सांगता येतील. ड्रम ब्रेकमध्ये शिरलेले पाणी आतच कोंडते आणि पाणी तुडवून आल्यावर पहिले दोनचार वेळा ब्रेक लागतच नाही. डिस्क उघडी असल्याने पाणी फेकले जाते आणि उरलेले पॅड पुसून टाकतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली, आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांमुळे कार्ब्युरेटरची जागा बहुतेक गाड्यांत इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली.

यांतल्या कशानेही मराठवाड्याची काळी माती बदललेली नाही. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. त्याच्या कणांच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरते आणि ती फुगते, वंगणासारखी निसरडी होते. शेतरस्त्यावर शंभर पावले गाडी ढकला. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये मातीचा गोळा बसतो आणि चाक फिरेनासे होते, मग इंजिन कितीही ताकदीचे असो. तंबूची खुंटी या मातीत संध्याकाळी घट्ट असते आणि पहाटे बोटाने उपटते. गाडीचे स्टँड रुतून गाडी आडवी होते, म्हणून त्याखाली चपटा दगड ठेवायचा. मुरमाड चढ दिसला तर काळ्या रानातली सपाट जागा सोडून द्यावी.

पाण्याचा जोर

कापड सुधारले, ठिणगी सुधारली, म्हणून मुले पावसात निघू शकतात. खवासपूरचा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी रात्रभराच्या पावसानंतर कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला आणि त्याच पावसाने खाली चाळीसगावात पूर आला. उस्मानपुऱ्याहून खानदेशात जाण्याची ही नेहमीची वाट आहे.

दरवर्षी फरशी पुलांवरून दुचाकीस्वार वाहून गेल्याच्या बातम्या येतात. 'गुडघाभर तर पाणी होते' असे वाक्य त्यात असतेच. गुडघाभर पाण्याचा जोर किती असतो? वाहते पाणी आडव्या वस्तूवर जे बल लावते ते पाण्याची घनता, वस्तूचे समोर येणारे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या साधारण निम्मे असते. गाडीची चाके, इंजिन आणि स्वाराचे पाय मिळून पाण्यात बुडालेले क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर धरू. वेग सेकंदाला २ मीटर. हा काही रौद्र पूर नव्हे, भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. बल येते ६०० न्यूटन, म्हणजे सुमारे ६० किलो वजनाइतके. आता गाडी आणि स्वार मिळून २२० किलो. बुडालेल्या भागामुळे त्यातले ४० किलो पाण्याने उचलून धरले. राहिले १८०. शेवाळलेल्या, गाळाच्या फरशीवर घर्षणांक ०.३ धरला तर टायर धरून ठेवू शकतात सुमारे ५४ किलोइतका जोर. ६० विरुद्ध ५४. वेग दीडपट, म्हणजे सेकंदाला ३ मीटर झाला, तर पाण्याचा जोर सव्वादोनपट होऊन १३५ वर जातो. घर्षण जिथल्या तिथे राहते. यांतले आकडे थोडे इकडेतिकडे करून मुलांना पुन्हा गणित करायला लावावे. उत्तर फारसे बदलत नाही. आणि हे सायलेन्सरमध्ये पाणी शिरून इंजिन बंद पडण्याचा विचार न करता. ते बंद पडले तर स्वार नेमका फरशीच्या मध्यावर उभा असतो.

भूगोलाच्या तासाला एक पाठ घेता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा आपल्या तालुक्याचा नकाशा घ्यावा. त्यावर समोच्चरेषा २० मीटरच्या अंतराने असतात. एखादा ओढा निवडून त्याला मिळणाऱ्या सगळ्या उपओढ्यांभोवती पेन्सिलीने रेषा काढायला सांगावी, म्हणजे त्याचे पाणलोट क्षेत्र मिळेल. ते किती चौरस किलोमीटर आहे, आणि त्यावर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर किती घनमीटर पाणी होते, हे काढावे. मग त्याच नकाशावर प्रत्येकाने आपला तंबू कुठे टाकणार ती खूण करावी. बहुतेक खुणा ओढ्याच्या वळणाच्या आतल्या बाजूला, सपाट जागेवर पडतील. ती जागा सपाट का आहे, हे त्यांना विचारावे. वळणाच्या आतल्या बाजूला पुराच्या पाण्याचा वेग मंदावतो आणि त्याने आणलेला गाळ तिथे थराथराने बसतो.